सामान्य माणसाने रोज बातम्या वाचण्या-पाहण्यात काही अर्थ आहे का?

डोंबिवलीकर वाचक

नमस्कार. मी डोंबिवलीत राहतो आणि मुंबईत एका विमा कंपनीच्या दावे विभागात काम करतो. आमच्या घरी आजोबांच्या काळापासून वर्तमानपत्र येते. वडील निवृत्त झाल्यापासून दोन येतात आणि संध्याकाळी सातपासून रात्रीची पाने घेईपर्यंत वृत्तवाहिनी सुरू असते. मी स्वतः चहाबरोबर वर्तमानपत्र चाळतो, लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने मोबाईलवर बातम्या वाचतो आणि रात्री वडिलांशेजारी बसून त्याच बातम्यांवरची भांडणे ऐकतो. हिशेब केला तर यात दिवसाचे दोन तास सहज जातात.

मागच्या महिन्यात मी एक प्रयोग केला. जुन्या डायरीत दोन रकाने आखले. पहिल्यात त्या दिवशी लक्षात राहिलेल्या बातम्या लिहायच्या आणि दुसऱ्यात त्यांपैकी एखादीमुळे मी काही वेगळे केले असल्यास ते लिहायचे. तीस दिवसांत पहिल्या रकान्यात एकशे चाळीसच्या आसपास नोंदी झाल्या. दुसऱ्यात तीन झाल्या. पहिली, रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी वाचून आम्ही सासुरवाडीला शनिवारीच गेलो. दुसरी, शुक्रवारी पाणी येणार नाही हे कळल्यामुळे गुरुवारी रात्री पिंपे भरून ठेवली. तिसरी, प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत वाढल्याचे वाचले आणि हातात घेतलेले काम बाजूला ठेवून दिले. या तिसरीला उपयोग म्हणावे की नुकसान, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

वडिलांना ही वही दाखवली. त्यांचे म्हणणे असे की बातम्या उपयोगासाठी वाचायच्या नसतात. आपण ज्या देशात मत देतो तिथे काय चालले आहे हे ठाऊक असणे नागरिकाचे कर्तव्य आहे, आणि ज्याला ते ठाऊक नाही तो कूपमंडूक. हे मला पटते, आणि तरीही वही समोर ठेवली की अडखळायला होते. आमच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या सगळ्या काळात मंत्रिमंडळात कोणाला कोणते खाते हवे होते हे मी झोपेतून उठवले तरी सांगितले असते. पण नगरसेवक नसताना आमच्या रस्त्याचे अंदाजपत्रक कोण मंजूर करतो, हे मला कधीही सांगता आले नसते. दोन तास वाचूनही ही स्थिती असेल, तर मी नक्की कोणते कर्तव्य बजावत होतो?

माझा प्रश्न कुत्सितपणे विचारलेला नाही. ज्याच्या हातात सत्ता नाही, पैसा बेताचा आहे आणि वेळ त्याहून बेताचा आहे, अशा माणसाने रोज बातम्यांच्या मागे राहणे सार्थकी लागते का? लागत असेल तर कोणत्या बातम्यांच्या?

जुना उपसंपादक

आपली वही मला फार आवडली. मी सव्वीस वर्षे एका दैनिकाच्या डेस्कवर होतो, त्यातील बहुतेक रात्रपाळीला, त्यामुळे आपण पहिल्या रकान्यात लिहिता त्यातले बरेचसे माझ्यासारख्यांनीच आपल्यापुढे ठेवलेले असते. पहिल्या पानाचा लीड, म्हणजे मुख्य बातमी, कसा ठरतो ते सांगतो. दिवसभर शंभर गोष्टी घडलेल्या असतात; त्यांतील कोणती मोठी हे ठरवताना "वाचकाला उद्या याचा काय उपयोग होईल" हा प्रश्न आमच्या बैठकीत क्वचितच निघे. उद्या लोक कशावर बोलतील आणि इतरांकडे काय असेल, एवढेच बघितले जाई. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पाने रात्री नऊच्या सुमारास सोडावी लागत, शहर आवृत्ती एक वाजेपर्यंत थांबे. त्यामुळे तालुक्याच्या वाचकाला जो लीड मिळे तो शहरातल्या वाचकाला कधीकधी आतल्या पानावर मिळे, आणि दोघेही आपापला अंक म्हणजेच कालचा दिवस असे समजत. बातमीचा आकार हा पुष्कळदा पानावर किती जागा उरली आहे याचा आकार असतो, हे मी खाल्ल्या मिठाला जागूनही कबूल करतो.

मात्र यावरून वर्तमानपत्र बंद करावे असे म्हणणे म्हणजे भाजीत खडा लागला म्हणून जेवण सोडण्यासारखे होईल. माझ्या मते आपण वाचता ते पान चुकते आहे. अंकात काही मजकूर असा असतो की ज्याला मुदत असते. निविदा, जाहीर नोटिसा, मतदारयादीचे कार्यक्रम, विकास आराखड्यावरील हरकती व सूचना, वीजदराच्या प्रस्तावावरील जनसुनावणी हा सगळा तो मजकूर. वीजदर ठरवण्यापूर्वी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ग्राहकांकडून हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो, ही माहिती छापली जाते. पण ती बारीक टायपात असते आणि तिच्याशेजारी साड्यांच्या सेलची अर्ध्या पानाची जाहिरात असते. दरवाढ झाली की तिची बातमी मोठ्या मथळ्यात येते, वाचक चिडतो, आणि चिडण्याखेरीज त्या दिवशी त्याच्या हाती काही उरलेले नसते.

मुंबईचे एक उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले. फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेचा २०३४ सालापर्यंतचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवलेले, वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळे चुकीची नोंदलेली, अशा गोष्टी त्यात निघाल्या. त्या कळल्या कशा? विभागावार नकाशे पाहून लोकांनी आपापली गल्ली शोधली, बातमीदारांनी ते छापले, ते वाचून आणखी लोकांनी आपापली गल्ली शोधली, आणि हरकती हजारोंच्या संख्येने दाखल झाल्या. एप्रिलमध्ये तो आराखडा बाजूला ठेवून दुरुस्त करण्याचे आदेश मुख्यमंत्र्यांना द्यावे लागले आणि सुधारित प्रारूप पुढे २०१६ मध्ये आले. ज्यांनी हरकती घेतल्या ते सगळे काही नगररचनाकार नव्हते. त्यांच्या हातात मुदत संपण्यापूर्वी बातमी पडली होती, एवढेच.

म्हणून माझी सूचना अशी की वहीत आणखी एक रकाना वाढवावा: ही बातमी वाचली त्या क्षणी मला काही करायला किती दिवस शिल्लक होते? बऱ्याच नोंदींपुढे शून्य येईल. जिथे शून्य नसेल, तिथे दोन तासांतील पंधरा मिनिटे द्यावीत. राहिलेला पावणेदोन तास करमणूक म्हणून घालवायलाही माझी हरकत नाही. फक्त तिला कर्तव्य म्हणू नये. दर ६ जानेवारीला, म्हणजे 'दर्पण'च्या पहिल्या अंकाच्या दिवशी, पत्रकार दिनाची भाषणे होतात आणि त्यांत वाचकाच्या कर्तव्याचा उल्लेख हटकून येतो. बारीक टायपाचा उल्लेख मी कधी ऐकला नाही.

मौनव्रती

मी अडीच वर्षांपूर्वी सर्व बातम्या बंद केल्या. वर्तमानपत्र बंद, वाहिन्यांचे पॅकेज बंद, मोबाईलवरील सूचना बंद. सुरुवातीचे दोन आठवडे काहीतरी विसरल्यासारखे वाटत राहिले; नंतर तेही गेले. या काळात माझे एक पैचे नुकसान झालेले नाही, रात्रीची झोप सुधारली आणि सकाळचा वेळ मुलीच्या अभ्यासाला मिळू लागला. जे खरोखर महत्त्वाचे असते ते कोणी ना कोणी सांगतेच. त्याआधी, नोटाबंदी जाहीर झाली तेव्हाही, म्हणजे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, मी दूरचित्रवाणीसमोर नव्हतो. शेजाऱ्यांनी दार वाजवून सांगितले आणि बँका उघडल्यावर रांगेत मी त्यांच्याइतकाच वेळ उभा राहिलो. ज्यांनी ते भाषण थेट ऐकले त्यांचा नंबर माझ्या पुढे लागला नाही.

जुन्या उपसंपादकांचे म्हणणे मान्य आहे, पण बारीक टायपातील नोटिसा वाचण्यासाठी मोठ्या टायपातील सगळा गोंगाट घरात घेणे हा सौदा मला महाग वाटतो.

संस्थेच्या खजिनदार

मौनव्रती यांच्या "कोणी ना कोणी सांगतेच" या वाक्यावर मला लिहावेसे वाटले, कारण आमच्या बाबतीत कोणी सांगितले नाही.

मी बहात्तर सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेची खजिनदार आहे. मी पद स्वीकारण्यापूर्वीपासून आमचा दुरुस्ती निधी एका नागरी सहकारी बँकेत मुदत ठेवींच्या रूपात होता. व्याज इतर बँकांपेक्षा थोडे अधिक मिळे आणि शाखा कोपऱ्यावर होती. एका संध्याकाळी शाखेबाहेर गर्दी दिसली. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले होते आणि प्रत्येक खातेदाराला काही हजारांपलीकडे रक्कम काढता येणार नव्हती. दुसऱ्या दिवशी ती बातमी सर्व वर्तमानपत्रांत ठळकपणे आली. सभासदांनी मला विचारले, "मॅडम, तुम्ही बातम्या बघत नाही का?" मी बघत होते. रोज बघत होते.

पुढे लेखापरीक्षकांबरोबर बसून जुने कागद काढले, तेव्हा कळले की त्याच बँकेला रिझर्व्ह बँकेने साधारण वर्षभर आधी दंड केला होता. त्याची बातमी आली होती. एका स्तंभात, सहा-सात ओळींची, बाजारभावांच्या खाली. माझ्याकडे ते वर्तमानपत्र येत होते. त्या दिवशी मी काय वाचले असेल याचा विचार अजूनही मनात येतो. एखाद्या अभिनेत्याच्या लग्नाची दोन पाने नक्की वाचली असतील.

दंड झाला म्हणजे बँक बुडणार असे नव्हे, हे मला आता ठाऊक आहे. दंड मोठमोठ्या बँकांनाही होतात. पण तेवढी सूचना मिळाली असती तर ताळेबंद मागवून बघावा, निधी दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवावा, एवढी बुद्धी झाली असती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवींवरील विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आलेल्या बँकांतही विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली. या दोन्ही बातम्या मी त्या काळात वाचल्या होत्या आणि "चांगले झाले" असे म्हणून पान उलटले होते. पाच लाखांची मर्यादा प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतील सर्व ठेवी मिळून लागू होते. आमची संस्था म्हणजे बहात्तर कुटुंबे असली तरी विम्याच्या दृष्टीने एकच ठेवीदार आहे, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आले नाही. बातमी वाचणे आणि ती आपल्या पासबुकाशेजारी ठेवून वाचणे यांत जे अंतर आहे, ते आम्हाला लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च वर्गणी काढून करावा लागला तेव्हा समजले.

तेव्हा मौनव्रती, आपले एक पैचे नुकसान झाले नाही याचा मला आनंद आहे. पण बातम्या न वाचल्यामुळे ते टळले असे म्हणता येणार नाही. आपला पैसा सुरक्षित जागी होता.

साक्री तालुका, शिक्षिका

थोडक्यात लिहिते. मी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिकवते. राईनपाडा आमच्याच तालुक्यात आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी तेथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. ते मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच जणांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले.

"महत्त्वाचे असेल तर कोणीतरी सांगतेच" हे शहरातील चांगल्या शेजाऱ्यांच्या भरवशावर म्हणता येते. आमच्याकडच्या वाड्यापाड्यांवर वर्तमानपत्र कधी नियमित आलेच नाही, मोबाईल मात्र आला, आणि मग सांगणारे कोणीही असू शकते. ज्या घरात बातमी येत नाही तेथे शांतता असते असे मानू नये. तिथेही काहीतरी येतच असते, आणि त्याखाली वार्ताहराचे नाव नसते, दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त करणारी चौकट नसते. मी सातवीच्या मुलांना अजून एकच गोष्ट करायला लावते: आलेला संदेश मोठ्याने वाचायचा आणि त्यात गाव, तारीख, सांगणाऱ्याचे नाव सापडते का ते बघायचे. मुले घरी जाऊन आईबापांचे मोबाईल तपासतात, अशी तक्रार पालकसभेत झाली. मी ती आनंदाने लिहून घेतली.

चाळीतला कांदा

मी नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात कांदा पिकवतो. येथील चर्चा वाचून असे वाटले की बातमी हा शहरात आवडीनिवडीचा विषय असावा. आमच्याकडे तो भावाचा विषय आहे. तरीही बातम्यांमागे राहणे सार्थकी लागते का, या प्रश्नाला माझे उत्तर एका शब्दात देता येणार नाही, कारण ते चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, कोणता कांदा आहे त्यावर अवलंबून आहे.

१९ ऑगस्ट २०२३ ला, शनिवारी, केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. सोमवारपासून व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातील लिलाव बंद ठेवले. त्या वेळी माझ्या चाळीत उन्हाळ कांदा होता. उन्हाळ कांदा उन्हाळ्यात निघतो आणि चाळ नीट असेल तर पाच-सहा महिने धरता येतो. वजन घटते, थोडी सड होते, पण धरता येतो. आम्ही तीन भावांनी त्या आठवड्यात जेवढे मिळेल तेवढे वाचले. पाऊस कुठे कमी आहे, कर्नाटकातील कांदा कसा आहे, सरकारसाठी कांदा खरेदी करणारी नाफेड २,४१० रुपये क्विंटलने घेणार म्हणजे नक्की कोणाचा आणि कुठे घेणार, हे सगळे पाहिले. सगळे पाहून निम्मा माल धरून ठेवला. ऑक्टोबरच्या अखेरीस भाव चढला आणि धरलेल्या मालाने घट भरून काढून वर काही दिले. त्या वेळी बातम्या वाचल्याचे चीज झाले.

मग डिसेंबर आला. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदीच झाली. अधिसूचना आदल्या रात्रीची. माझा धाकटा भाऊ सकाळी ट्रॅक्टर भरून बाजार समितीकडे निघालेला होता आणि मोबाईलवर बातमी आली तेव्हा त्याच्या पुढे साठ-सत्तर वाहने उभी होती. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले. या वेळी ट्रॉलीत लाल कांदा होता. लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. बातमी आम्हाला दिल्लीतील कोणाहीपेक्षा फार तर काही तास उशिरा कळली असेल, पण ती आदल्या दिवशी कळली असती तरी काय केले असते? शेतात उभा होता तो मालही येत्या पंधरवड्यात निघणारच होता. बंदी ३१ मार्चपर्यंत होती, ती पुढे वाढली आणि उठली ती मे २०२४ मध्ये, तोवर आमचा लाल कांदा मिळेल त्या भावाला गेलेला होता.

जुन्या उपसंपादकांनी मुदतीचा रकाना सुचवला तो मला पटला, पण त्यात माझी एक भर आहे. मुदत बातमीत असते तशी ती वाचणाऱ्याच्या चाळीतही असते. ज्याला थांबता येते त्यालाच बातमी उपयोगी पडते. ज्याच्यावर गावच्या सोसायटीचे पीककर्ज आहे आणि मुलीची फी भरायची आहे, त्याने लासलगावच्या कांदा बाजाराचा भाव तासातासाने पाहून उपयोग नाही. त्याला आजच विकायचे आहे.

आणि डेस्कवरील मंडळींना एक विनंती. भाव वाढला की "कांद्याने केला वांदा" हा मथळा आता पुरे करावा. मी शाळेत होतो तेव्हापासून तो वाचतो आहे.

जुना उपसंपादक

तो मथळा मी स्वतः किमान दोनदा दिलेला आहे. रात्री साडेबाराला डोक्यात यमकच येते. क्षमस्व.

चाळीची भर मात्र माझ्या रकान्यापेक्षा मोलाची आहे.

कृष्णाकाठ, सध्या श्टुटगार्ट

मी मूळचा सांगलीचा. नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो आणि आईवडील तिथल्या गावभाग या जुन्या वस्तीत असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला तेव्हा मी चार दिवस जवळजवळ झोपलो नाही. इकडे बसून मराठी वाहिन्यांचे थेट प्रक्षेपण लावले होते. पाण्यातून जाणारी एक नाव, तिच्यावर वाजणारे संगीत आणि मोठ्या लाल अक्षरांत 'हाहाकार', हे मी शेकडो वेळा पाहिले असेन. ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांची बोट उलटली तेव्हा तर मला घरी फोन करण्याचेही धैर्य होईना. या सगळ्याचा आईवडिलांना काहीही उपयोग झाला नाही. मला मात्र अजून तशा पार्श्वसंगीताने धडकी भरते.

उपयोग झाला तो एका आकड्याचा. सांगलीत पावसाळ्यात माणसे एकमेकांना "पाणी किती?" असे विचारतात आणि उत्तर फुटांत येते. ते फूट १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी मोजलेले असतात. तेथे ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. त्याबरोबर कोयना धरणातून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडले आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून पुढे किती जाते आहे, एवढे कळले की जुना सांगलीकर उद्या सकाळी कोणत्या गल्लीत पाणी असेल हे सांगतो. माझे वडील त्यांपैकीच. २००५ च्या पुरात पातळी ५३ फुटांच्या पुढे गेली होती आणि तेव्हा पाणी आमच्या तिसऱ्या पायरीला थांबले होते. त्या पायरीवर त्यांनी ऑइलपेंटची रेघ मारून ठेवली आहे. त्यामुळे २०१९ ला ते म्हणत राहिले की २००५ ला घर सोडले नाही, आता कशाला सोडायचे.

मी रात्री विसर्गाचे आकडे पाहत होतो. ते उतरत नव्हते. धरणातून सोडलेले पाणी सांगलीला पोहोचायला वेळ लागतो, तेवढाच वेळ आमच्या हाती होता. पातळी ५३ च्या जवळ येत असताना मी फोनवर एवढेच म्हणालो, "बाबा, वरून येणारे कमी झालेले नाही. रेघ बुडणार." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग औषधांची पिशवी आणि बँकेची कागदपत्रे घेऊन दोघेही विश्रामबागेला मावशीकडे गेले. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. रेघ बुडाली आणि वर दाराची कडीही बुडाली.

वाहिनीवर तो आकडाही दिसत होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तळाशी सरकणाऱ्या पट्टीत, सोन्याच्या भावाच्या अलीकडे. आता मी जून ते सप्टेंबर एकही वाहिनी लावत नाही. पाटबंधारे विभागाचा रोजचा पूर अहवाल मोबाईलवर येतो, तो सकाळी पाहतो. दोन मिनिटे लागतात. उरलेल्या आठ महिन्यांत मात्र सवय पुन्हा उसळी घेते आणि इथल्या बर्फात बसून मी सांगलीतील कोणत्या गटाने कोणाला पाठिंबा दिला हे वाचत राहतो. मला तेथे मत नाही, घर वडिलांच्या नावावर आहे, आणि तरी मी ते वाचतो. मौनव्रतींना हे व्यसन वाटेल. मला ती आठवण वाटते. गावची बोली डोळ्यांखालून जाते, आडनावे ओळखीची असतात. याचा रकाना कोणता, ते डोंबिवलीकरांनी ठरवावे.

मौनव्रती

खजिनदारबाईंचा मुद्दा मला लागला. मुलीच्या नावाने ठेवलेली रक्कम एका पतसंस्थेत आहे. या आठवड्यात ताळेबंद मागवतो. वर्तमानपत्र पुन्हा सुरू करण्याचा विचार मात्र अजून नाही.

संस्थेच्या खजिनदार

मौनव्रती, एक गोष्ट लगेच पाहावी. ठेव विम्याचे संरक्षण बँकांतील ठेवींना असते. पतसंस्थेतील ठेवींना ते लागू होत नाही. ताळेबंद मागवालच, पण हे आधी लक्षात घ्यावे.

डोंबिवलीकर वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वहीत तिसरा रकाना आखला आहे. "किती दिवस शिल्लक" असे त्याचे शीर्षक आहे आणि चांदवडच्या मित्रांच्या सूचनेवरून त्याखाली कंसात "आपल्याला थांबता येते का" असे लिहिले आहे. पहिल्या दहा दिवसांत शून्याची रांग लागली आहे. कृष्णाकाठ यांच्या आठवणीसाठी मी चौथा रकाना आखायला घेतला होता, पण त्याला नाव सुचेना, म्हणून कोरा ठेवला आहे.

वडिलांना ही सगळी चर्चा वाचून दाखवली. कर्तव्याचा मुद्दा त्यांनी सोडलेला नाही, सोडणारही नाहीत. पण जुन्या उपसंपादकांचे बारीक टायपाविषयीचे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ते भिंग घेऊन जाहीर नोटिसांच्या पानावर बसतात. परवा त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावले आणि एका चौकटीवर बोट ठेवले. आमच्याच इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेचा भाग दाखला, म्हणजे घर विकताना लागणारे शेअर सर्टिफिकेट, गहाळ झाला आहे, दुसरी प्रत देण्याबाबत कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे, अशी नोटीस होती. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ गेली वीस वर्षे रोज संध्याकाळी वडिलांबरोबर बाकावर बसतात, राज्याच्या राजकारणावर तासभर बोलतात, आणि घर विकायचा विचार आहे हे त्यांनी अवाक्षरानेही सांगितले नव्हते.

आमची हरकत काहीच नाही. वडील मात्र नोटीस कापून खिशात घालून खाली गेले आहेत आणि अजून वर आलेले नाहीत.